सोळा ते अठरा आणि जीवशास्त्र

 मागे दाराशी उभ्या असलेल्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी पुढे येऊन बसावं. पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत आणि आज मला जे बोलायचं आहे ते मुख्यतः तुमच्याशीच.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी मला जीवशास्त्र शिकवलं. १९७५ साली महाराष्ट्रात दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला, शाळेतली जुनी अकरावी गेली आणि ‘ज्युनिअर कॉलेज’ हा नवा शब्द गावोगाव पोचला. सर त्या पहिल्या पिढीतले शिक्षक. मी त्यांच्या वर्गात आले १९८२ साली. पुढे पुण्याला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्न झालं, इंग्लंडला गेले, तिथे शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि लेस्टरमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात चोवीस वर्षं जीवशास्त्रच शिकवलं. सोळा ते अठरा या दोन वर्षांतून मी तशी कधी बाहेर पडलेच नाही. आधी बाकावर होते, मग फळ्यापाशी.

या दोन वर्षांत जीवशास्त्रानं मुलांच्या हाती काय द्यावं, याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. समोरची जिवंत वस्तू पुस्तकातल्या चित्रासारखी नसणार हे धरून चालायचं, तिच्याकडे नीट बघायचं, आणि जे दिसलं तेच वहीत उतरवायचं. ऐकायला हे सोपं वाटतं. मला ते जमायला फार वेळ लागला, आणि त्याची सुरुवात सरांच्या एका प्रश्नानं झाली. तो प्रसंग शेवटी सांगते, कारण आधी तुम्हाला लेस्टरला नेऊन आणायचं आहे.

‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणजे सहावी नव्हे. तिकडच्या जुन्या शाळांत मूल अकराव्या वर्षी पहिल्या फॉर्ममध्ये जाई. सोळा पूर्ण झाल्यावरही जी मुलं शिकत राहत ती सहाव्या फॉर्ममध्ये, आणि तिथे दोन वर्षं. पुढे वर्गांची नावं बदलली, हे जुनं नाव मात्र टिकलं. दोन वर्षांच्या शेवटी जी परीक्षा होते ती ए-लेव्हल, १९५१ सालापासून चालत आलेली. मुलं साधारण तीनच विषय घेतात. इथे मी हे सांगितलं की पालक विचारतात, “आणि भाषा?” भाषा सक्तीची नाही, इंग्रजीसुद्धा नाही. जीवशास्त्र, रसायन आणि इतिहास घेणारी मुलगी माझ्या वर्गात असायची, तिच्या शेजारी जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि चित्रकला घेणारा मुलगा. दरवर्षी तिकडे साठ हजारांहून जास्त मुलं जीवशास्त्राची ए-लेव्हल देतात. त्यांत मुली मुलांपेक्षा बऱ्याच जास्त असतात, फिजिक्सच्या वर्गात नेमकं उलट. तीनच विषय असल्यामुळे खोल जायला सवड मिळते. सोळाव्या वर्षीच बरीच दारं बंद होतात, हा त्याचा तोटा. गणित सोडून आलेली हुशार मुलं पुढे संख्याशास्त्रापाशी अडखळताना मी पाहिली आहेत, आणि त्या वेळी आपली अकरावी-बारावी मला जास्त शहाणी वाटली आहे.

आता प्रयोगशाळेतली एक दुपार.

चंचुपात्राच्या तोंडावर काडी टोचून बसवलेली लसणाची पाकळी, खाली पाण्यात लोंबणारी पांढरी मुळं. मुळाचं टोक कापायचं आणि साठ अंशांवर ठेवलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटं बुडवायचं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकटा त्यानं सैल होतो. मग पाण्यानं धुवायचं. अगदी टोकाचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा स्लाइडवर घ्यायचा, सुईनं फोडायचा, टोल्युइडिन ब्लूचा थेंब टाकायचा, वर कव्हर स्लिप, तिच्यावर टिपकागद, आणि अंगठ्यानं सरळ खाली दाबायचं. अंगठा जरा फिरला की पेशी गुंडाळल्या जातात. जोर जास्त झाला की कव्हर स्लिप कडकन मोडते. कमी पडला तर पेशी थरावर थर राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या ढगापलीकडे काही दिसत नाही.

एक मुलगी होती. १९७२ साली युगांडातून भारतीयांना हाकलून दिलं तेव्हा तिचे आजीआजोबा लेस्टरला आलेले. तिची तिसरी स्लाइड चालू होती. या वेळी पेशी छान पसरल्या होत्या, एकेक सुटी दिसत होती. ती मला म्हणाली, “मिस, माझं चुकलंय. काहीच घडत नाहीये.” मी भिंगाला डोळा लावला. शंभरेक पेशी होत्या आणि बहुतेकींत नुसतं गोल, गडद केंद्रक. विभाजन चालू असलेल्या पेशी मोजक्याच. एका कोपऱ्यात गुणसूत्रं मध्यावर ओळीत उभी होती, आणखी एका पेशीत दोन टोकांकडे खेचली जात होती. पुस्तकात पेशीविभाजनाच्या प्रत्येक टप्प्याचं एकेक चित्र असतं, सगळी एकाच मापाची, एका ओळीत. त्यामुळे मुलीला वाटत होतं की तिच्या स्लाइडवरही टप्पे सारख्या वाटणीनं दिसायला हवेत.

मी तिला एसटी स्टँडची गोष्ट सांगितली. तिनं एसटी स्टँड कधी पाहिला नव्हता, म्हणून आधी स्टँडचं वर्णन करावं लागलं. समजा, स्टँडचा वरून एक फोटो काढला. फोटोत चाळीस माणसं बाकांवर बसलेली आहेत, पाच चौकशीच्या खिडकीशी आहेत आणि एक बसच्या पायरीवर चढतो आहे. फोटोत कुणी हलत नाही, तरी प्रवाशाचा वेळ कशात जातो हे त्यातून कळतं. वाट बघण्यात फार, चौकशीत थोडा, पायरी चढण्यात क्षणभर. मुळाचं टोक दाबलं की तो असाच एक फोटो निघतो. ज्या टप्प्यात जास्त पेशी सापडतात, तो टप्पा जास्त वेळ चालतो. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग स्वतःच मोजायला बसली. काहीच घडत नाहीये असं ज्या पेशींबद्दल ती म्हणाली होती, त्याच तिच्या मोजणीचा मोठा भाग होत्या.

पण गोष्ट इथे संपली नाही. तिच्या शेजारच्या मुलानं त्याच लसणाच्या दुसऱ्या मुळाची स्लाइड केली होती. त्याचा आकडा तिच्या आकड्याशी जुळेना. दोघं माझ्याकडे आले. “बरोबर कुणाचं?” सोळा वर्षांच्या मुलाला या प्रश्नाचं उत्तर “दोघांचंही” असं मिळालं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. तोवरच्या शाळेत त्याला असं उत्तर कुणी दिलेलं नसतं.

बटाट्याच्या प्रयोगातही हेच होतं. बटाट्याचे सारख्या मापाचे तुकडे साखरेच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या पाण्यात ठेवायचे आणि वजन किती वाढलं, किती घटलं ते बघायचं. परासरण समजावायला मला लेस्टरमध्ये फार कष्ट पडले नाहीत, कारण निम्म्या वर्गाच्या घरी छुंदो होत असे. कैरीच्या किसात साखर घातली की कीस पाणी सोडतो, हे त्या मुलांनी आजीच्या स्वयंपाकघरात पाहिलेलं होतं. इतर मुलांना मी मिठानं पाणी सुटलेली काकडी दाखवायची. पण एकाच बटाट्याचे, एकाच पाण्यात, तितकाच वेळ ठेवलेले तीन तुकडे तीन वजनं देतात. कुणी तुकडा टिपकागदावर अलगद टेकवतं, कुणी दाबून पुसतं. एक तुकडा सालीजवळचा असतो, दुसरा गाभ्यातला. काही फरक हाताचा, काही बटाट्याचा. कोणता कशामुळे, हे शोधण्यातच तो तास जातो आणि तो सत्कारणी लागतो.

म्हणून ए-लेव्हलच्या जीवशास्त्रात संख्याशास्त्र येतं. किमान दहा टक्के गुण गणिताला असतात, आणि जीवशास्त्र घेतलं म्हणजे गणित सुटलं या समजुतीत आलेली मुलं पहिल्या महिन्यात हिरमुसतात. त्यांना ‘टी-टेस्ट’ शिकावी लागते. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीच्या कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ती १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं मांडली. हाताशी नमुने थोडे असताना दोन सरासऱ्यांमधला फरक खरा की योगायोगाचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. लसणाची पाच मुळं घेऊन बसलेल्या मुलापुढचा प्रश्नही तोच.

इथे आपल्या एका माणसाचं नाव घ्यायला हवं. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११ चा. फर्ग्युसनमधून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ साली संख्याशास्त्रात पीएच.डी. मिळवून आले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी संख्याशास्त्र विभागाची धुरा सांभाळली आणि शेवटी पुण्यात येऊन राहिले. माणसाला किती उष्मांक लागतात याचा सरासरी आकडा घ्यायचा आणि त्याखाली असलेल्या प्रत्येकाला कुपोषित म्हणायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. एकाच निरोगी माणसाचं खाणं आणि गरज दिवसागणिक बदलते, हा बदल चूक म्हणून बाजूला टाकायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या निष्कर्षांवर मोठे वाद झाले. पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना जे पसरलेलं असतं तिकडे त्यांनी लोकांचं लक्ष वेधलं, हे मी माझ्या लेस्टरच्या मुलांना नेहमी सांगत असे. आपलं अन्न मोजणाऱ्या या सातारच्या माणसाचं काम ऐकताना गुजराती घरांतली मुलं सावरून बसायची.

सुखात्मे लंडनला शिकत होते तेव्हा त्याच कॉलेजात जे. बी. एस. हाल्डेन प्राध्यापक होते. हे हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत आले. महागड्या उपकरणांवाचून उत्तम जीवशास्त्र करता येतं, भारतात तर विशेषच, असं ते आग्रहानं सांगत. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एस. के. रॉय यांनी प्राजक्ताच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. एकाच झाडावर पाकळ्यांची संख्या फुलागणिक बदलते, ती किती आणि कशी बदलते, हा त्यांचा अभ्यासविषय. प्राजक्ताचं नाव लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याच्यापाशी येणार आहे.

इंग्लंडमध्ये सगळं आदर्श आहे असं कुणी समजू नये. तिथली घोकंपट्टी वेगळ्या कापडाची आहे, इतकंच. तिथे परीक्षेनंतर ‘मार्क स्कीम’ जाहीर होते, म्हणजे कोणत्या शब्दाला गुण द्यायचा आणि कोणत्याला नाही याची यादी. एन्झाइम आणि त्यावर बसणारा रेणू यांचे आकार ‘एकसारखे’ असतात असं लिहिलं तर गुण नाही, ‘एकमेकांना पूरक’ असं हवं. श्वसनात ऊर्जा ‘तयार होते’ म्हटलं की गुण गेला, ‘मुक्त होते’ म्हणायला हवं. हा आग्रह मुळात रास्त आहे. कुलपासारखीच दिसणारी किल्ली कुलपात बसत नाही, आणि ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही. पण दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत मुलं मागच्या सात-आठ वर्षांच्या मार्क स्कीम पाठ करायला लागतात. “मिस, समजलं नाही तरी चालेल, नेमकी ओळ कोणती ते सांगा,” असं मला विचारलं गेलं आहे. चांगल्या, मनापासून शिकणाऱ्या मुलांनी विचारलं आहे. तेव्हा मला आपल्या बारावीचे ‘मोस्ट आयएमपी’ आठवायचे.

प्रॅक्टिकलच्या गुणांवरून तर तिकडे मोठा वाद झाला. पूर्वी हे गुण ए-लेव्हलच्या श्रेणीत धरले जात. गुण हवेत म्हणून आकडे सुबक यायचे आणि जवळजवळ सगळ्यांना वरचेच गुण पडायचे. सप्टेंबर २०१५ पासून इंग्लंडमध्ये हे गुण श्रेणीतून काढून टाकले. आता दोन वर्षांत किमान बारा प्रॅक्टिकल्स करायची, हातात कौशल्य आलं की नाही ते शिक्षकानं वेळोवेळी तपासायचं, आणि प्रमाणपत्रावर वेगळी नोंद मिळते, उत्तीर्ण किंवा नाही. श्रेणीवर त्याचा परिणाम नाही. लेखी परीक्षेत मात्र निदान पंधरा टक्के गुण प्रॅक्टिकलमधून आलेल्या समजेवर असतात. अनेक शास्त्रज्ञांनी या बदलाला विरोध केला. गुण नाहीत म्हटल्यावर प्रयोगशाळांना कुलपं लागतील, अशी भीती होती. मीही विरोध करणाऱ्यांत होते.

तीन-चार वर्षांत माझं मत बदललं. गुणांची धास्ती गेली तशी मुलं खरे आकडे लिहायला लागली. वहीत खाडाखोड दिसायला लागली. “हा आकडा विचित्र आला आहे, का ते कळत नाही,” असं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती वही घरी नेऊन नवऱ्याला दाखवली. शास्त्रज्ञांची भीती अगदीच खोटी नव्हती. बारा म्हणजे बाराच, तेरावं नाही, असा हिशेब करणारी कॉलेजं आहेत. तरीही खऱ्या आकड्यांनी भरलेल्या बारा वह्या मला सुबक आकड्यांच्या तीस वह्यांपेक्षा मोलाच्या वाटतात.

आपल्याकडे काय होतं ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जर्नल मागच्या वर्षीच्या ताईचं असतं. आधी निष्कर्ष लिहायचा, मग ‘रीडिंग’ बसवायचं. आकृती ट्रेसिंग करून, शार्प पेन्सिलनं, एका बाजूला नावं ओळीत. मीसुद्धा हेच केलं आहे. जर्नल देखणं होतं माझं.

प्राणी कापण्याबद्दल दोन शब्द बोलते. आमच्या वेळी बेडूक असे. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून ठेवलेला बेडूक आणि क्लोरोफॉर्मचा वास माझ्या पिढीला विसरता येणार नाही. ते बंद झालं, योग्य झालं. ए-लेव्हलला खाटकाकडून आणलेलं कोकराचं हृदय कापतात. खाटीक वरचे कप्पे बऱ्याचदा आधीच छाटून टाकतो, म्हणून संपूर्ण हृदय हवं असं आवर्जून सांगावं लागतं. डाव्या जवनिकेची जाड भिंत आणि उजवीची पातळ भिंत बोटांत धरली की रक्त कुठवर ढकलायचं आहे ते बोटांनाच समजतं. झडपांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या चिमट्यानं ओढून बघितल्या की त्या किती चिवट आहेत ते कळतं. पण माझ्या वर्गात जैन मुलं असायची, वैष्णव घरांतली असायची. हृदय कोणत्या प्राण्याचं, असं मुसलमान मुलं आधी विचारून घ्यायची. सक्ती कुणावरही करायची नाही हा नियम होता आणि मला तो मनापासून पटलेला होता.

एका जैन मुलीला मी सेलरीचा दांडा दिला, रंगाच्या पाण्यात रात्रभर उभा ठेवलेला. बाकीचा वर्ग हृदय कापत होता तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर बसून ती ब्लेडनं दांड्याचे पातळ काप काढत होती. प्रत्येक कापात लाल ठिपक्यांची अर्धगोल ओळ होती. तिनं खालपासून वरपर्यंत काप काढले आणि पाणी किती उंच चढलं ते मोजलं. मग पानं काढून टाकलेला एक दांडा ठेवला आणि त्यात पाणी किती चढतं ते बघितलं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. कोकराचं हृदय धडधडत नव्हतं, तिच्या दांड्यातलं पाणी मात्र खरोखर चढत होतं. त्या दुपारी वर्गात वाहतूक सगळ्यांत नीट कुणी पाहिली असेल तर तिनं.

दुसऱ्या वर्षी मुलांना समुद्रावर नेत असू. लेस्टर समुद्रापासून लांब. पहाटे बसमध्ये बसून पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावर जायचं, ओहोटीची वेळ गाठायची, पाण्यापासून वरच्या खडकापर्यंत दोरी टाकायची आणि ठरावीक अंतरावर चौकट ठेवून आतले जीव मोजायचे. तिथे लिंपेट नावाचा टोपीसारख्या शिंपल्याचा गोगलगायीच्या कुळातला जीव असतो. भरती आली की खडकावरचं शेवाळ खरवडत फिरतो आणि पाणी ओसरायच्या आत आपल्याच जागी परत येतो. शिंपल्याची कड त्या जागी खडकाशी नेमकी बसेल अशी झिजलेली असते. थंड वारं, ओले बूट, शाई पसरलेले कागद, आणि मुलं गुडघ्यांवर बसून शिंपल्यांची उंची मोजताहेत. संध्याकाळी आकडे मांडले की बऱ्याच जणांचा अंदाज चुकलेला असे. कुणी रडकुंडीला आलेलं नसे. तोवर दीड वर्षाची सवय झालेली असे.

हे मी कोकण ज्यांना जवळ आहे अशा श्रोत्यांना सांगते आहे. आपल्या खडकांवर कालवं किती उंचीपर्यंत असतात हे कालवं काढणाऱ्या बायकांना पाठ आहे. अकरावीच्या मुलानं दोरी टाकून ते मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

ए-लेव्हलमधली आणखी एक गोष्ट मला इथे आणावीशी वाटते. सगळ्या परीक्षा मंडळांत ती नाही, पण एका मोठ्या मंडळाच्या तिसऱ्या पेपरात पंचवीस गुणांचा निबंध असतो. दोन विषयांपैकी एक निवडायचा. विषय एवढा रुंद असतो की त्यात दोन वर्षांचा कुठलाही धडा येऊ शकतो. समजा, सजीवांमध्ये पाण्याचं स्थान काय यावर लिहायचं आहे. एक मूल पेशीच्या पटलापासून सुरुवात करील, दुसरं मूत्रपिंडापासून, तिसरं पानावरच्या रंध्रांपासून. मी चोवीस वर्षं असे निबंध तपासले. मुलांच्या डोक्यात धडे वेगवेगळ्या कप्प्यांत बंद आहेत की त्यांच्यात ये-जा चालू आहे, हे पहिल्या पानावरच कळतं. सेलरीवाल्या मुलीचा एक निबंध माझ्याजवळ आहे. त्यात ती मुळातून पानापर्यंत गेली आणि तिथून केशवाहिन्यांवर आली, मधे कुठे सांधा दिसला नाही.

आता समोर बसलेल्या तुमच्याबद्दल. माझ्या वेळी बारावीच्या पीसीबीच्या गुणांवर मेडिकलला प्रवेश मिळायचा. मग सीईटी आली, आता नीट आहे. १८० प्रश्न, ७२० गुण, त्यांतले ९० प्रश्न आणि ३६० गुण जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. देशभरातून वीस लाखांवर मुलं बसतात. इंग्लंडमध्येही डॉक्टर व्हायची चुरस कमी नाही. पण तिथे ए-लेव्हलच्या श्रेणी, वेगळी कलचाचणी आणि मुलाखत असं सगळं मिळून ठरतं. एका दुपारच्या तीन तासांवर सगळा भार येत नाही.

तुम्ही नीट सोडा, क्लास सोडा असं मी म्हणणार नाही. आईवडिलांनी काय काय गहाण ठेवून तुम्हाला क्लासला घातलं आहे ते मला दिसतं. पण ज्या कॉलेजात नाव घातलं आहे तिथे वर्षभर पाय ठेवायचा नाही, दिवस क्लासमध्ये काढायचा आणि प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जर्नल एकरकमी उतरवायचं, ही व्यवस्था मोठ्या माणसांनी उभी केली आहे. तिचा दोष मी तुमच्यावर ठेवत नाही. विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की प्रयोगशाळा आठवड्यातून एक दुपार, गुणांशिवाय, उघडी ठेवा. लसूण, बटाटा, पालक आणि एक वजनकाटा एवढ्यावर सुरुवात होते. पालकावरून आठवलं, केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनी १९३० च्या दशकात पानांतून वेगळी काढलेली हरितलवकं उजेडात ठेवून दाखवली की त्यांतून ऑक्सिजन बाहेर पडतो. त्याच धाग्यावरचा प्रयोग माझी मुलं पालक मिक्सरमध्ये वाटून, बर्फात ठेवून, टेबललॅम्पच्या उजेडात करायची. हरितलवकांत मिसळलेला निळा रंग डोळ्यांदेखत उडून जातो. अंधारात गुंडाळलेल्या परीक्षानळीत निळा तसाच राहतो. हे एकदा पाहिलेल्या मुलाला प्रकाशसंश्लेषणाचा पहिला टप्पा पुन्हा वाचावा लागत नाही.

प्राजक्ताचं सांगायचं राहिलं.

१९८३ च्या पावसाळ्याचा शेवट होता. सरांनी बारावीच्या वर्गात विचारलं, प्राजक्ताच्या फुलाला पाकळ्या किती? कुणी पाच म्हणालं, कुणी सहा. सर म्हणाले, प्रयोगशाळेमागे झाड आहे, पहाटे सडा पडतो, प्रत्येकानं शंभर फुलं मोजून आणा. अभ्यासक्रमात हे कुठेच नव्हतं. हाल्डेन आणि कोलकात्याची ती मोजणी सरांनी वाचली होती, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी लक्षात आलं.

मी गेले. ओच्यात फुलं घेतली, पायरीवर बसून मोजली. बहुतेक सहाची निघाली. काही पाचची होती, काही सातची. ही बिघडलेली फुलं, असं मला वाटलं, मी ती बाजूला टाकली आणि सहाची आणखी वेचून शंभर पुरी केली. जर्नलमध्ये व्यवस्थित तक्ता आखला. एकूण फुलं शंभर, पाकळ्या सहा. खाली एका फुलाची शार्प पेन्सिलनं काढलेली आकृती.

सरांनी तक्ता बघितला. रागावले नाहीत. मान वर करून विचारलं, “सातवाली कुठं गेली?”

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधार असतानाच कंदील घेऊन झाडाखाली जाऊन बसले. आदल्या दिवशीची फुलं झाडून नेलेली होती, नवी टपटप पडत होती. पडतील तशी उचलली, एकही टाकलं नाही. ते जर्नल अजून माझ्याजवळ आहे. आज आणलं आहे, कार्यक्रमानंतर विद्यार्थ्यांनी बघावं. पहिला तक्ता पेन्सिलनं खोडलेला आहे. त्याखाली वाकड्यातिकड्या रेघांचा दुसरा तक्ता, पाचची, सहाची, सातची, आणि तळाला आठ पाकळ्यांचं एक. शेजारी सरांची सही आणि तारीख आहे. गुणांची चौकट रिकामी आहे.